जास्त ताकदीच्या रोटरी इंजिनासाठी रेडिएटर कसा निवडावा

माझदाच्या आरएक्स-७ ची तिसरी पिढी, म्हणजे १९९१ च्या अखेरीपासून २००२ पर्यंत बनलेली एफडी, जपानमध्ये प्रथम २५५ आणि शेवटच्या काळात २८० अश्वशक्तीची होती. आज यांपैकी बऱ्याच गाड्यांत मूळचे दोन टर्बो काढून एक मोठा टर्बो बसवलेला असतो आणि ताकद ४०० अश्वशक्तीच्या आसपास किंवा तिच्याही पुढे गेलेली असते. इंजिन मात्र तेच १३०८ सीसीचे १३बी असते, आणि रेडिएटर पुष्कळदा कंपनीतून आला तोच. अशा गाडीसाठी रेडिएटर निवडताना मी जो क्रम पाळतो, तो येथे मांडत आहे.

सुरुवात इंजिनापासून करावी लागते. पिस्टनच्या इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये थंड हवाही येते आणि स्फोटही होतो, त्यामुळे त्याच्या भिंतीला मधूनमधून गारवा मिळतो. रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर एका कवचात, म्हणजे हाऊसिंगमध्ये, फिरतो. तिथे ज्वलन कायम हाऊसिंगच्या एकाच बाजूला, स्पार्क प्लगच्या पट्ट्यात होते, आणि थंड हवा कायम दुसऱ्या बाजूने आत येते. १३बी मध्ये अॅल्युमिनियमची दोन रोटर हाऊसिंग बिडाच्या तीन प्लेटांमध्ये आळीपाळीने रचून लांब बोल्टांनी एकत्र आवळलेली असतात, आणि प्रत्येक सांध्यात पाणी रोखणारे रबरी सील असते. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. इंजिन एकदा जरी मर्यादेपलीकडे तापले, तरी या सांध्यांतली सील दबतात, हाऊसिंगची सपाटी बिघडते आणि मग पूर्ण इंजिन उघडण्याशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून येथे रेडिएटरला इतर गाड्यांपेक्षा अधिक महत्त्व आहे.

खरेदीआधी इंजिन निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी. इंजिन थंड असताना पाण्याचे झाकण काढून गाडी सुरू करावी आणि पाण्याकडे काही मिनिटे लक्षपूर्वक पाहावे. पहिले काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात आणि ते थांबतात, परंतु बारीक बुडबुड्यांची न तुटणारी धार वर येत राहिली, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना पांढरा धूर निघाला किंवा रात्रीत पाणी कमी झाले, तर ज्वलनाचा वायू सीलमधून पाण्यात शिरत आहे असे समजावे. असे इंजिन कितीही मोठ्या रेडिएटरने थंड होणार नाही.

पुढची पायरी तापमान नीट मोजण्याची आहे. एफडीचा मूळ काटा एका मोठ्या टप्प्यात मध्यावरच स्थिर राहावा अशा पद्धतीने बनवलेला आहे. तो हलू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. आकडे दाखवणारे वेगळे मीटर बसवावे आणि आठ-दहा दिवस नोंदी ठेवाव्यात. चालत्या गाडीत ८५ ते ९५ अंश सेल्सिअस हे समाधानकारक आहे, १०५ च्या वर गेल्यास अॅक्सिलरेटर सोडावा, आणि ११० ला गाडी बाजूला घ्यावी. या नोंदींतून एक महत्त्वाची गोष्ट कळते. तापमान सिग्नलला उभे असताना वाढत असेल आणि गाडी चालू लागताच उतरत असेल, तर दोष बहुतेक वेळा पंखा किंवा श्राउड (पंख्याला सगळ्या रेडिएटरमधून हवा ओढायला लावणारे आवरण) यांत असतो. वेगात, चढावर किंवा ट्रॅकवर ते वाढत असेल, तर कोअर (रेडिएटरचा नळ्या आणि पातळ फिन यांचा मधला भाग) अपुरा आहे किंवा त्याच्यापर्यंत हवा पोहोचत नाही.

आता थोडे गणित करू. ४०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३०० किलोवॅट. पूर्ण भारावर पाण्यात जाणारी उष्णता अंदाजापुरती १०० किलोवॅट धरू. पंप सेकंदाला दोन लिटर पाणी फिरवत असेल, तर रेडिएटरमधून जाताना ते पाणी जेमतेम १२ अंशांनी उतरते. तीच उष्णता हवेत सोडायची आणि हवा ४० अंशांनी तापू द्यायची असे धरले, तर सेकंदाला अडीच किलो, म्हणजे सव्वादोन घनमीटरच्या आसपास हवा कोअरमधून गेली पाहिजे. पाणी पंपाने हमखास येते. हवा मात्र बंपर, ग्रिल, एसीचा कंडेन्सर, टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर असे एकेक अडथळे ओलांडून येते आणि जरा कुठे फट दिसली की तिकडून निसटते. रेडिएटर पाहताना मी सर्वप्रथम विचारतो तो प्रश्न हाच, की याला हवा कुठून मिळणार आणि तापलेली हवा कुठून बाहेर पडणार.

या दृष्टीने पाहिले म्हणजे जाडीचा मोह आवरता येतो. माझी स्वतःची पहिली निवड याच मोहातून झाली होती. मिळाला तेवढा जाड कोअर घेतला, मूळच्या जागेत बसवण्यासाठी श्राउड काढून टाकले आणि पुढे मोठा इंटरकूलर तसाच ठेवला. शहरात गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापू लागली. कारण साधे होते. कोअरच्या मागच्या भागाला पुढच्या भागात आधीच तापलेली हवा मिळते, त्यामुळे जाडी दुप्पट केली तरी काम दुप्पट होत नाही; उलट हवेचा अडथळा वाढतो, आणि श्राउड नसेल तर पंखा फक्त स्वतःच्या पात्यांसमोरच्या गोलातूनच हवा ओढतो. क्षेत्रफळ वाढवता येत असेल तर आधी ते वाढवावे, जाडी नंतर. रस्त्यावरच्या गाडीसाठी ३५ ते ४० मिलिमीटरचा, मध्यम घनतेच्या फिनचा कोअर आणि पूर्ण श्राउड ही जोडी मला ५० मिलिमीटरच्या उघड्या कोअरपेक्षा अधिक विश्वासाची वाटते. ट्रॅकवर सतत वेगात राहणाऱ्या आणि बंदिस्त डक्ट असलेल्या गाडीत जाड कोअरचा उपयोग होतो.

इंटरकूलर रेडिएटरच्या थेट पुढे बसवला असेल, तर रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली आणि मंदावलेली असते. जास्त ताकदीच्या एफडीत म्हणूनच व्ही-माउंट ही रचना रूढ झाली. तिच्यात इंटरकूलर वर आणि रेडिएटर खाली, दोन्ही तिरपे बसवून मध्ये आलेली हवा दोघांत विभागली जाते. खर्च आणि मेहनत दोन्ही अधिक आहेत, पण ४०० अश्वशक्तीच्या पुढे जायचे असेल तर मी हीच रचना सुचवीन. कोणत्याही रचनेत बंपरपासून कोअरपर्यंतच्या सगळ्या फटी अॅल्युमिनियमचा पत्रा आणि फोम लावून बंद कराव्यात, आणि गाडीखालचा प्लॅस्टिकचा अंडरट्रे काढून ठेवलेला असेल तर तो परत बसवावा. तो नसल्यास खालची हवा इंजिनाच्या कप्प्यात घुसते आणि तापलेल्या हवेची बाहेर पडण्याची वाट अडते. माझदानेही १९९९ च्या गाडीत बंपरचे तोंड मोठे केले होते.

बांधणीविषयी माझे मत स्पष्ट आहे. मूळ रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असून अॅल्युमिनियमच्या कोअरवर कडा दुमडून बसवलेल्या असतात. जुन्या टाकीवर टॉर्च धरून पाहावे: काळे प्लॅस्टिक तपकिरी झालेले दिसते, आणि दुमडलेल्या कडेशी केसाएवढी चीर व तिच्याभोवती वाळलेल्या कूलंटची पांढरी पापडी दिसते. पूर्ण अॅल्युमिनियमचा, टाक्या वेल्ड केलेला आणि नळ्या-फिन भट्टीत ब्रेझ केलेला रेडिएटर घ्यावा. नळ्या टाकीला एपॉक्सीने चिकटवलेला घेऊ नये. पाणी दोनदा फिरवणाऱ्या डबल-पास रचनेचा आग्रह मी धरत नाही, कारण तिच्यामुळे पंपावरचा भार बराच वाढतो आणि खरी अडचण तर हवेच्या बाजूला असते.

पाण्याचे झाकण चांगल्या प्रतीचे असावे. ०.९ बारच्या झाकणाखाली नुसते पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. स्पार्क प्लगजवळ पाणी स्थानिक पातळीवर उकळू नये यासाठी हा दाब आवश्यक आहे, परंतु त्यापेक्षा फार जड झाकण लावल्यास त्याच दाबाने जुनी सील आणि होज यांची परीक्षा होते. उष्ण प्रदेशात, जिथे पाणी गोठण्याचा प्रश्नच नाही, तिथे कूलंटचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास ठेवून उरलेले डिस्टिल्ड पाणी घालावे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. केवळ पाणी मात्र घालू नये. अॅल्युमिनियम आणि बीड एकत्र असलेल्या या इंजिनाला गंजरोधक लागतोच.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारी पाण्याची झडप, काढून टाकण्याचा सल्ला अनेकजण देतात, तो १३बी साठी घातक आहे. या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना त्याची खालची चकती बायपासचे तोंड बंद करते. तो काढला की ते तोंड उघडेच राहते, पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतो आणि तापमान वाढते.

रोटर पाण्याने थंड होत नाहीत, ते आतून तेलाने थंड होतात, आणि इंजिनाच्या एकूण उष्णतेचा मोठा वाटा तेलच उचलते. काही एफडीत एकच ऑइल कूलर आलेला आहे. अशी गाडी ४०० अश्वशक्तीची करायची असल्यास रेडिएटरच्या बरोबरीने दुसऱ्या ऑइल कूलरचे पैसे बाजूला काढावेत.

बसवताना रेडिएटर रबरी बुशांवरच टेकवावा, कारण थेट पत्र्यावर आवळलेल्या अॅल्युमिनियमला कंपनांनी वेल्डजवळ चिरा जातात. पाणी भरताना गाडीचे नाक उंच करावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि थर्मोस्टॅट उघडून वरचा होज हाताला गरम लागेपर्यंत वाट पाहावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण काढून पातळी पुन्हा तपासावी. आत अडकलेली हवा रात्रीतून वर येते, आणि तेवढे पाणी घातल्याशिवाय गाडी जोरात पळवू नये.