मॅक्रो लेन्सच्या आधी एक्स्टेन्शन ट्यूब
फुलातले पराग, मुंगीचे डोळे असं जवळून टिपायची हौस असेल, तर महागड्या मॅक्रो लेन्सआधी एक्स्टेन्शन ट्यूब वापरून बघा. ही नुसती पोकळ नळी, आत काच नाही. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या बॉडीच्या मध्ये बसते. हिशोब सोपा: ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ, तेवढं मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट) वाढतं. ५० मिमीच्या लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली की ०.५ पटीची भर. तीच २०० मिमीला लावली तर जेमतेम ०.१२५.

घेताना इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट असलेलीच घ्या. साध्या ट्यूबवर बऱ्याच नव्या लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, आणि इतक्या जवळून एफ/१.८ ला (छिद्र मोठं उघडं) पाकळीची कडच काय ती शार्प येते. छिद्र लहान करून एफ/८ किंवा एफ/११ लागतंच. उजेडही कमी होतो, तेव्हा फ्लॅश जवळ असू द्या.

फोकस रिंगशी झटापट करू नका. फोकस मॅन्युअलवर ठेवा, स्वतःच किंचित पुढेमागे व्हा आणि बर्स्ट मोडवर (एकापाठोपाठ एक) फोटो काढा. मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. आणि हो, ट्यूब लावलेली असताना दूरचं काही फोकस होत नाही. तो बिघाड नव्हे.