आधी हुंदका, मग पुरावा? कंपन्यांवरच्या माहितीपटात या चुका टाळा

बंद गेट, हुंदका, पियानो. कंपन्यांच्या जबाबदारीवर पहिलाच माहितीपट करणाऱ्यांचे रफ कट (संकलनाचे कच्चे खर्डे) बहुधा असेच सुरू होतात. कागद येतो चाळिसाव्या मिनिटाला, आणि तोवर शंकेखोर प्रेक्षक हातचा गेलेला असतो.

सगळ्यांत महागात पडते ती क्रमाची अफरातफर. मायकेल मूर यांचा ‘रॉजर अँड मी’ (१९८९) घ्या: जनरल मोटर्स या मोटार कंपनीने कारखाने बंद केल्यावर अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं काय झालं, त्यावरचा माहितीपट. जनरल मोटर्सची मोठी कारखानेबंदीची घोषणा नोव्हेंबर १९८६ ची. चित्रपट पाहताना मात्र वाटतं, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन फ्लिंटच्या बेकारांना भेटले ते त्यानंतर आणि ऑटोवर्ल्ड हे थीम पार्कही त्यानंतरचंच. प्रत्यक्षात रेगन आले १९८० मध्ये, तेही राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून. ऑटोवर्ल्ड उघडलं १९८४ मध्ये. ‘फिल्म कॉमेंट’ मासिकाने हे पकडलं आणि वाद कंपनी सोडून संकलनावर घसरला. नोकऱ्या तर खरोखरच गेल्या होत्या! तारखा जागच्या जागी ठेवूनही लोक चिडलेच असते.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. एडिटला बसण्याआधी तक्ता करा: शॉट, चित्रीकरणाची तारीख, घटनेची तारीख, आधाराचा कागद. क्रम मोडायचाच असेल तर पडद्यावर साल टाका आणि ते तीनेक सेकंद राहू द्या. तक्ता ‘नंतर करू’ म्हणणारे तो कधीच करत नाहीत.

दुसरी खोड संगीताची. डोळे भरून येण्याआधीच व्हायोलिन लागलं की प्रेक्षक सावध होतो. संगीताचा ट्रॅक म्यूट करून सीन बघा. सपाट वाटला तर मुलाखतच कच्ची आहे, तिथे नवं संगीत शोधत बसू नका. कामगार पगाराच्या पावतीवर बोट ठेवून ‘ही कपात कसली?’ विचारतो, तेवढं पुरतं. आकडा वाचून होईपर्यंत कट मारू नका. खाली खोलीचा नुसता आवाज ठेवा. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी मिनिटभर रूम टोन रेकॉर्ड करून आणा.

एका माणसाच्या गोष्टीवर लगेच आकड्यांची पाटी चढवू नका. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या संशोधकांच्या २००७ च्या अभ्यासात मदतीच्या आवाहनातल्या एका गरजू मुलीच्या गोष्टीला आकडेवारी जोडल्यावर देणग्या घटल्या. आकड्यांना स्वतंत्र सीन द्या.

कुणाचं रडतानाचं फुटेज वापरण्याआधी दुसऱ्या दिवशी, कॅमेरा बंद ठेवून, ते वापरू का असं त्या माणसाला पुन्हा विचारा.

कंपनीला प्रश्न लेखी पाठवा, त्यात प्रत्येक आरोप वेगळा मांडा आणि उत्तराची मुदत लिहा. शुक्रवारी संध्याकाळी मेल टाकून सोमवारी ‘प्रतिसाद मिळाला नाही’ अशी पाटी लावणं ही चलाखी आहे, आणि ती कळते.