दीर्घिकेतला ऑक्सिजन मोजताय? या चुका टाळा

दूरच्या दीर्घिकेची रासायनिक घडण काढायची म्हणजे बहुतेक वेळा तिच्या वायूत हायड्रोजनच्या मानाने ऑक्सिजन किती, ते मोजायचं. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचे वर्णपट फुकट मिळतात, कोड तयार असतो, तासाभरात आकडा हाती येतो. या घाईत वर्णपट मात्र कुणी उघडून बघत नाही.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती आर-२३ मध्ये. ऑक्सिजनच्या ३७२७, ४९५९ आणि ५००७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या रेषांची बेरीज भागिले हायड्रोजनची एच-बीटा रेषा, एवढंच हे गुणोत्तर. पण एकाच गुणोत्तराला ऑक्सिजनची उत्तरं दोन निघतात: जास्तीचं म्हणजे वरची शाखा, कमीचं म्हणजे खालची शाखा. ऑक्सिजन कमी असला की रेषा मंद. तो वाढला की आधी उजळतात, पण ऑक्सिजनच वायूला थंड करतो, आणि वायू गार पडला की याच रेषा पुन्हा मंदावतात. एक विद्यार्थी एका निळ्या बटू दीर्घिकेसाठी ८.७ घेऊन आला (हे माप लॉगमधलं, एक अंक वाढला की ऑक्सिजन दहापट), म्हणजे जवळजवळ सूर्याइतका. इतका ऑक्सिजन का, याची कारणं तो तीन आठवडे शोधत होता. मी म्हटलं, "आधी एच-आल्फा दाखव." हायड्रोजनच्या या रेषेचं ६५६३ चं शिखर उंच होतं, पण त्याच्या उजव्या पायथ्याशी, ६५८४ वर, जिथे नायट्रोजनची रेषा हवी तिथे नुसता खरखराट. सूर्याइतका ऑक्सिजन असता तर ही रेषा लपली नसती. कोडने वरची शाखा धरली होती. खालच्या शाखेवर आलं ७.८, म्हणजे आठपट कमी! शाखा ठरवण्याआधी मी आजही ६५८४ डोळ्यांनी बघते.

एच-बीटाखाली ताऱ्यांच्या प्रकाशातला शोषणाचा खड्डा असतो. तो न भरता मोजलंत की रेषा लहान येते, एच-आल्फा भागिले एच-बीटा हे गुणोत्तर धूळ नसतानाच्या २.८६ च्या वर जातं आणि नसलेली धूळ गळ्यात पडते. ताऱ्यांचा वर्णपट आधी वजा करा. हे टाळायला कुठलीही पळवाट मला मान्य नाही.

ऑक्सिजनची ४३६३ ची रेषा गोंगाटातून कशीबशी वर आली असेल तर तिच्यावरून वायूचं तापमान काढू नका. ते जास्त येतं आणि ऑक्सिजन कमी दिसतो.

केंद्रात सक्रिय कृष्णविवर असेल तर ऑक्सिजन काढायची ही सूत्रं लागूच होत नाहीत.

स्लोनच्या तरंगलांबी निर्वातातल्या असतात, तिथे ५००७ ची रेषा ५००८.२ वर शोधा.

आणि दोन वेगळ्या सूत्रांचे आकडे एका आलेखावर टाकू नका. एकाच दीर्घिकेसाठी त्यांच्यात ०.७ डेक्सपर्यंत (डेक्स म्हणजे लॉगच्या मापातला एक अंक), म्हणजे पाचपट, फरक पडू शकतो. कुठलं सूत्र वापरलं ते मी आलेखाच्या अक्षावरच लिहिते.