क्लाऊनफिशची पिल्लं कोणत्या दिवशी मेली? त्यावरून चूक ओळखा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाऊनफिशच्या जोडीने अंडी घातली की मालक आधी फोटो काढतो, ओळखीच्या सगळ्यांना पाठवतो, आणि आठवड्याभराने विचारायला लागतो, ‘पिल्लांना खायला काय देऊ?’ तोवर वेळ गेलेली असते. पिल्लांचं खाणं अंड्यांच्या आधी घरात असावं लागतं. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

हे सगळं ऑसेलॅरिस जातीबद्दल आहे. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला हा मासा आपल्या अंदमानच्या समुद्रातही सापडतो. पिल्लं जगवायला त्याच्यासारखा सोपा सागरी मासा क्वचितच मिळेल, आणि तरीही पहिल्या खेपेला बहुतेकांची सगळी पिल्लं जातात. पण ती कधी जातात त्यावरून चूक शोधता येते. म्हणून मेलेली पिल्लं काढून टाकण्याआधी अंडी फुटल्यापासून कितवा दिवस ते लिहून ठेवा.

अंडीच येत नाहीत

दुकानात ‘जोडी’ म्हणून दोन सारखेच मोठे मासे गळ्यात मारतात. क्लाऊनफिश सगळे आधी नर असतात आणि जोडीतला वरचढ मासा मादी होतो. दोन्ही माद्या निघाल्या तर एक दुसरीला मारून टाकते. दोन लहान पिल्लं घ्या, किंवा एक मोठा आणि एक बराच लहान. मग थांबा, लहानांपासून सुरुवात केली तर वर्षभर किंवा त्याहून जास्त. अॅनिमोन (हा मासा समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहतो तो फुलासारखा दिसणारा प्राणी) लागतोच असं नाही. अंडी घालायला मातीची उलटी कुंडी किंवा फरशीचा तुकडा पुरतो.

मुंबई-ठाण्यात एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं आणि अंडी थांबतात. २६ ते २८ अंश ठेवा. पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी खारट होत जातं, तेव्हा भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, मिठाच्या पाण्याची नाही.

पहिल्या दोन-चार खेपांची अंडी आईबापच खातात. त्यात काही बिघडलेलं नसतं, हात घालू नका.

फुटण्याच्या रात्रीच मेली

अंडी आधी नारिंगी दिसतात, मग काळपट होतात, शेवटी आत चंदेरी डोळे चमकायला लागतात. २७-२८ अंशांना सात-आठ दिवस लागतात, थंड पाण्यात आणखी. डोळे चंदेरी दिसले की त्या संध्याकाळी फरशी वेगळ्या टबात न्यायची. टबातलं पाणी मात्र आईबापांच्याच टाकीतलं हवं. नर अंड्यांना शेपटीने वारा घालतो, त्याच्या जागी एअरस्टोनची (हवेच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) हलकी धार अंड्यांवरून जाऊ द्या. दिवा बंद केल्यावर साधारण दोन तासांत अंडी फुटतात. खोलीत उजेड राहिला तर फुटणं लांबतं. टबाशेजारच्या वायफाय राऊटरचा निळा दिवासुद्धा झाका. एखादी रात्र रिकामी गेली तर दुसऱ्या रात्रीची वाट पाहा, फरशी खरवडू नका.

सकाळी पिल्लं तळाशी मेलेली दिसली तर दोषी बहुधा जाळी असते, नाहीतर बुडबुड्यांचा जोर. नवजात पिल्लू जाळीने कधीच उचलायचं नाही. फुटल्यावर हवा इतकी कमी करा की बुडबुडे मोजता आले पाहिजेत.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी मेली

उपासमार. दुसरं कारण शोधत बसू नका.

गोड्या पाण्यातल्या माशांची पिल्लं वाढवलेली माणसं इथे हमखास फसतात. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून टाकतात, नाहीतर कोबीचं पान कुजवून केलेलं इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव. बलकाने पाणी सडतं, आणि गोड्या पाण्यातले ते जीव खाऱ्यात पडताच मरतात. क्लाऊनफिशच्या पिल्लाला हवा जिवंत रोटिफर, म्हणजे पाण्यात पोहणारा अतिसूक्ष्म प्राणी, सुरुवातीला दर मिलिलिटरला दहाच्या आसपास. तो नॅनोक्लोरोप्सिस शेवाळावर वाढवा. यीस्टवरचा रोटिफर स्वस्त पडतो, पण त्यात पोषण नसतं. रोटिफरची दोन वेगळी भांडी ठेवा, कारण एक कधीतरी बसतंच, म्हणजे त्यातले सगळे रोटिफर मरतात, आणि ते नेमकं पिल्लं असताना बसतं.

रोटिफर टाकूनही पोटं खपाटीला गेलेली असतील तर टबाचा तळ बॅटरीने बघा. रोटिफर अनेकजण कमी खारट पाण्यात वाढवतात. तिथून उचलून थेट १.०२५ घनतेच्या, म्हणजे समुद्राइतक्या खारट पाण्यात टाकले की ते आखडतात आणि तळाशी पडून राहतात. पिल्लू खातं ते डोळ्यांपुढे हलणारं, तळाचं नाही. भांड्याची घनता आदल्या दिवसापासून हळूहळू वाढवा.

टबाच्या बाजू पारदर्शक असतील तर बाहेरून काळा कागद लावा. पिल्लं उजेडाकडे ओढली जातात आणि काचेवर डोकं आपटत राहतात. पाण्यात थोडं शेवाळ सोडून ते फिकट हिरवं ठेवलं की उजेड पसरतो, पिल्लांना भक्ष्य ठळक दिसतं, आणि रोटिफरही उपाशी राहत नाहीत.

पाचव्या ते सातव्या दिवशी मेली

अमोनिया (कुजण्यातून पाण्यात साठणारं विष) तपासा. फिल्टर नको या भीतीने लोक टब तसाच ठेवतात, आणि मेलेलं शेवाळ तळाशी कुजत राहतं. मोटारचा फिल्टर पिल्लं ओढून घेईल हे खरंच, पण मोठ्या टाकीत महिनाभर मुरवलेला स्पंज फिल्टर मंद हवेवर चालतो. एअरलाइनच्या नळीने तळ रोज ओढून काढा आणि तितकंच पाणी मोठ्या टाकीतून थेंबाथेंबाने भरा. वीज जाण्याचा भाग असेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच.

आठव्या ते बाराव्या दिवशी मेली

या दिवसांत पिल्लू रूप बदलतं, पट्टे उमटू लागतात आणि ते तळाजवळ येतं. काल धडधाकट दिसणारी पिल्लं आज सपासप मरतात, तेव्हा कारण मागच्या आठवड्यातल्या निकृष्ट रोटिफरमध्ये असतं. दुसरं कारण आर्टेमिया, म्हणजे रोटिफरनंतर द्यायचा थोडा मोठा, कोळंबीसारखा बारीक जीव. तो सातव्या-आठव्या दिवसापासून थोडा थोडा द्या, रोटिफर एकदम बंद करू नका. नुकताच फुटलेला आर्टेमियाच पौष्टिक असतो, काही तासांत त्याचा साठा संपतो. त्याची टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात, म्हणून फुटल्यावर हवा बंद करून टरफलं वर येऊ द्या आणि खालूनच नळीने ओढा. आर्टेमियाचं भांडं रोटिफरपासून लांब ठेवा, एक थेंब उडाला तरी आर्टेमिया रोटिफरचं शेवाळ फस्त करतो.

जगली, पण पट्टे अर्धवट

अशा माशांना दुकानदार कमी भाव देतात. पोषण आणि गर्दी दोन्हीकडे संशय जातो, पण मासा निरोगी असतो. मोठी पिल्लं लहानांना छळायला लागली की आकारानुसार वेगळी करा. जास्तीची पिल्लं कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात खपतात. ती समुद्रात सोडू नका: ही जात आपल्या कोकण किनाऱ्याची नाही, आणि टाकीतले रोग सोबत जातात.