ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताय? वायरिंगमधल्या या चुका टाळा

जुना गिअरबॉक्स उतरला, नवा चढला, क्लचमधली हवा काढून झाली. चावी फिरवली, तर सेल्फ लागायचं नाव नाही! ऑटोमॅटिकची मॅन्युअल करताना बरीच कामं इथेच अडतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वायरी केवळ त्याच्यासाठी नसतात. सेल्फ, रिव्हर्स लाइट आणि इंजिनचा कॉम्प्युटर या सगळ्यांना तिथून खबर मिळत असते. म्हणून कटर हातात घेण्याआधी ही वायर कोणाला काय कळवत होती, ते शोधा.

उदाहरणाला १९९१ ते १९९६ मधली जीप चेरोकी एक्सजे घेऊ, ४.० लिटर इंजिनची. तिच्यातला एडब्ल्यू४ ऑटोमॅटिक काढून पाच गिअरचा एएक्स१५ बसवणं हे अमेरिकेत बरंच रुळलेलं काम आहे.

न्यूट्रल स्विच कायमचा डायरेक्ट करणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात धोक्याची चूक ही. एक्सजेमध्ये सेल्फच्या रिलेची (सेल्फला वीज देणाऱ्या स्विचची) अर्थ, म्हणजे निगेटिव्हची जोडणी, एडब्ल्यू४ च्या न्यूट्रल स्विचमधून जाते. लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच स्विचच्या आठ पिनांच्या कपलरमधल्या (वायरी जोडणाऱ्या प्लगमधल्या) बी आणि सी पिना जोडल्या जातात आणि सेल्फ लागतो. गिअरबॉक्सबरोबर हा स्विचही जातो, मग बी आणि सी वायरी पिळून वर टेप गुंडाळली की काम झालं असं समजतात. गाडी चालू होते हे खरं. पण पहिल्या गिअरमध्ये उभ्या गाडीची चावी कोणी क्लच न दाबता फिरवली, तर ती जागची उडी मारते. समोर भिंत असेल, नाहीतर माणूस.

त्या दोन वायरींमध्ये क्लच पेडलचा स्विच बसवा. पेडल पूर्ण दाबल्यावरच जोडला जाणारा, साधा दोन वायरींचा स्विच. एवढ्या मोठ्या कामात हा खर्च किरकोळ आहे. तो वाचवण्याचं कुठलंही कारण मला पटत नाही.

याच वायरीवरून इंजिनच्या कॉम्प्युटरलाही पार्क-न्यूट्रलची खबर जाते. क्लच स्विच लावल्यावर पाय पेडलवर नसताना गाडी गिअरमध्ये आहे असं तो धरून चालतो, आणि आयडलमध्ये, म्हणजे गाडी उभी असतानाच्या इंजिनच्या वेगात, थोडाफार फरक जाणवू शकतो. त्याच सालच्या, त्याच इंजिनच्या मॅन्युअल गाडीचा कॉम्प्युटर मिळाला तर तो प्रश्न मुळातून सुटतो.

जुना गिअरबॉक्स उतरवल्यावर पिना शोधत बसणं

मोजमाप आधी करायचं. ऑटोमॅटिक अजून गाडीतच असताना कपलर सोडवा, मल्टिमीटर बीपवर (जोडणी असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि स्विचच्या बाजूने तपासा. पार्कमध्ये बी-सी वाजलं पाहिजे, रिव्हर्समध्ये ए-ई. कागदावर लिहून घ्या. वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नका, एवढ्या जुन्या गाडीत आधी कोणी काय बदललंय याचा नेम नसतो. रिव्हर्स लाइटसाठी ए आणि ई च्या वायरी लांबवून एएक्स१५ वरच्या रिव्हर्स स्विचला जोडायच्या, बस्स.

गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर काढायला घाबरणं

या सालांमध्ये तो इंजिनच्या कॉम्प्युटरपासून वेगळा आहे. त्याची वीज काढली तरी ऑटोमॅटिक गाडी लिव्हरने चालवता येते: १-२ वर पहिला गिअर, ३ वर तिसरा, डी वर चौथा. म्हणजे इंजिनचं त्याच्यावाचून अडत नाही. निर्धास्त काढा, पण त्याच्या चालू वायरींची टोकं उघडी सोडू नका. प्रत्येकीवर वेगळी हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, एक्झॉस्टपासून लांब बांधा.

सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही

इथे लोक दिवसच्या दिवस वायरिंग उसवतात आणि दोष भलतीकडेच सापडतो. एक्सजेमध्ये इंजिन कुठल्या स्थितीत फिरतंय ते सांगणारा क्रँक सेन्सर बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणावर) बसतो आणि फ्लायव्हीलवरच्या, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकावरच्या, खाचा वाचतो. १९९१ पासूनच्या इंजिनाला तीन गटांत प्रत्येकी चार खाचा असलेलं फ्लायव्हील लागतं. १९८७ ते १९९० मधल्या गाडीचं फ्लायव्हील बोल्टांवर नीट बसतं, पण त्याच्या खाचा वेगळ्या. कॉम्प्युटरला इंजिनची जागा कळत नाही आणि स्पार्क मिळत नाही. गिअरबॉक्स चढवण्याआधी खाचा मोजा. सेन्सरही त्या बेलहाउसिंगला लागतो तोच घ्या, आणि त्याची वायर गरम होणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकत नाही ना, ते हात घालून पाहा.

हे ठीक असेल तर सिलिंडर हेडच्या मागून फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) जाणारी विणलेली अर्थ पट्टी बघा. काम करताना ती सोडली जाते आणि परत लावायची राहते. सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ साफ करून पुन्हा आवळा.

नव्या गाड्यांना हाच नियम लावणं

ज्या गाड्यांमध्ये सगळे कॉम्प्युटर कॅन लाइनवर (डेटाच्या सामायिक वायरींवर) एकमेकांशी बोलतात, तिथे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर काढला की यू०१०१ कोड, म्हणजे त्याच्याशी संपर्क तुटल्याचा दोष, येतो. वायरी जोडून तो जात नाही, प्रोग्रॅमिंगच करावं लागतं. बीएमडब्ल्यू ई४६ मध्ये गाडीच्या नोंदीतला ऑटोमॅटिकचा २०५ हा कोड काढून मॉड्यूल पुन्हा कोड करतात. तुमच्या मॉडेलचं हे काम करणारा माणूस आधी गाठा, मगच गाडी जॅकवर चढवा.