आवळा, हिरडा, बेहडा: रानातून वेचायचे कसे, वाळवायचे कसे

करवंद-जांभळाच्या हिशेबानं कोणी दसऱ्यानंतर कोल्हापूरच्या राधानगरी-गगनबावड्याकडं रानमेवा शोधायला निघाला, तर हात हलवत परत येईल. गोड फळांचा हंगाम उन्हाळ्याबरोबर संपलेला असतो. या दिवसांत रान देतं ते तुरट: आवळा, हिरडा, बेहडा, म्हणजे त्रिफळा चूर्णाची तीन फळं. वेचायला अर्धा दिवस आणि वाळवायला तीन आठवडे धरूनच निघावं. बहुतेक माल नासतो तो घरच्या गच्चीवर.

परतीचा पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय जाऊ नये. भिजलेलं फळ पोत्यात दोन दिवस राहिलं तरी त्यावर पांढरी बुरशी धरते. आवळा कार्तिकात हाताशी येतो, पण तुळशीच्या लग्नासाठी बाजारात दिसणारा कोवळा आवळा वाळवायला कामाचा नाही. मार्गशीर्षात हिरवा रंग फिकट पिवळसर होतो, साल किंचित पारदर्शक दिसू लागते, तेव्हा तो घ्यावा. पक्व हिरडा आणि बेहडा मार्गशीर्षापासून माघापर्यंत झाडाखाली पडत राहतात.

जायचं कुठं, हा प्रश्न आधी सोडवावा. राधानगरी अभयारण्यात आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात काहीही वेचायला बंदी आहे. पडलेलं फळही उचलायचं नाही. राखीव वनातल्या गौण वनोपजावर (फळं, मध, डिंक असल्या लाकडाशिवायच्या मालावर) 2006 च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींचा आणि पिढ्यान् पिढ्या तिथं राहणाऱ्यांचा हक्क आहे. शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड भागात मालकी रानात आणि बांधावर ही झाडं भरपूर आहेत. मालकाला विचारावं. हिरडा विकून चार पैसे मिळवणारी घरं तिथं आहेत, त्यांच्या नेहमीच्या झाडाखाली आपली पिशवी घेऊन उभं राहू नये. सरळ त्यांच्याकडूनच विकत घेतलं तरी पुढची कृती तीच.

ओळख पानावरून पटवावी. आवळ्याची पानं बारीक, चिंचेच्या पानासारखी दोन ओळींत. फळावर सहा पुसट रेघा. रानआवळा बाजारच्या कलमी आवळ्याच्या निम्म्यानं असतो, धागा जास्त, तुरटपणाही जास्त. हिरड्याच्या पानाच्या देठावर, पातं सुरू होतं तिथं, दोन बारीक गाठी बोटाला लागतात. फळ लांबट, पिवळट हिरवं, वाळलं की पाच धारा उठतात. बेहड्याची पानं मोठी, लांब देठाची, फांदीच्या टोकाला झुबक्यानं. फळ गोलसर, राखाडी, मखमली लव असलेलं.

दोन फळांपासून लांब राहावं. काजऱ्याचं, म्हणजे कुचल्याचं, पिकलं फळ छोट्या संत्र्यासारखं गोल आणि नारिंगी दिसतं. त्याच्या चपट्या बियांत जहाल विष असतं. गेळ्याचं पिवळं फळ पेरूसारखं, टोकाला तसाच मुकुट, पण झाडाला जाड काटे असतात. ते खाल्लं तर जोराच्या उलट्या होतात. बिब्ब्याचं झाड दिसलं तर काळ्या बीच्या देठाकडची नारिंगी, गराची ‘फुलं’ ओळखीच्या माणसानं काढून दिली तरच घ्यावीत. बीचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, काडीकचरा जाळला तर धूरही बाधतो. तेल लागल्यास लगेच साबणानं भरपूर पाण्यात धुवावं, डोळ्याला हात लावू नये, फोड पसरले तर डॉक्टरकडं जावं. गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या बीतला गर, फोडून काढायच्या भानगडीत तर पडूच नये, ती दुकानात मिळते.

आवळ्याच्या झाडावर चढू नये. लाकूड ठिसूळ असतं, फळानं वाकलेली फांदी माणसाच्या वजनानं कडकन मोडते. आवळा जुन्या फांदीवरच्या आखूड डहाळ्यांना लागतो, त्यामुळं एक मोठी फांदी गेली की पुढची कित्येक वर्षं तिथलं पीक गेलं. खाली जुनं धोतर पसरून आकडीनं फांदी हलवावी, ओरबाडू नये. हिरडा-बेहडा जमिनीवरूनच वेचावेत, आणि ताजे पडलेले. तीन-चार दिवस पडून राहिलेल्या फळाला भोक दिसतं, म्हणजे आत अळी. गवत अजून कमरेएवढं असतं, घोणस-फुरशाची भीती असते. बूट घालावेत, हात घालण्याआधी काठीनं गवत बाजूला करावं. पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे बाहेर असतात, म्हणून नऊ ते चार हीच वेळ. बेहडा भेकर-सांबराचं खाद्य आहे, झाडाखालचा सगळा झाडून आणू नये.

वर्षाच्या अर्धा किलो त्रिफळ्याला प्रत्येकाची सुमारे 170 ग्रॅम कोरडी साल लागते. त्यासाठी दीड किलो ताजा आवळा आणि हिरडा-बेहडा एकेक किलो पुरतात. बुट्टीत किंवा जाळीच्या पिशवीत आणावं. प्लॅस्टिकमध्ये फळ घामेजतं.

घरी आल्यावर हिरडे पाण्यात टाकावेत. तरंगतो तो पोकळ किंवा किडका, तो काढून टाकायचा. बुडालेले पुसून उन्हात पसरावेत. कोल्हापुरात मार्गशीर्षातलं ऊन चांगलं असतं, पण सकाळी दव पडतं. पाच वाजता वाळवण आत घेतलं नाही तर दिवसभर सुकलेली साल रात्री परत ओलावते, आणि बुरशी इथंच धरते. घाटमाथ्यावर धुकं असतं, तिथं वाळवायचा हट्ट करू नये. थर एकेरी, रोज एकदा परतायचा. दोन-तीन आठवड्यांनी हिरडा दगडावर ठेवून ठोकला की साल तडकन फुटते. बेहड्याचं वेगळं: पूर्ण कडक होऊ देऊ नये. चामड्यासारखा झाला की खलबत्त्यात हलके ठोके द्यावेत, साल कठीण बियेपासून सुटते. बियेतला गर मुलांच्या हाती लागू देऊ नये, जास्त खाल्ला तर गुंगी येते.

आवळे दहा मिनिटं वाफवावेत. पाकळ्या सुटू लागल्या की झालं. बी काढून फोडी चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवाव्यात. त्रिफळ्यासाठी मीठ लावायचं नाही. आवळासुपारी हवी असेल तर किलोला 25 ग्रॅम मीठ, 50 ग्रॅम किसलेलं आलं आणि चमचाभर जिरेपूड फोडींना चोळून एक रात्र ठेवून मग वाळवावं. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. लोखंडी कढईत किंवा विळीवर यातलं कुठलंही फळ काळं पडतं. पूर्वी शाई हिरडा आणि लोखंडाच्या याच गुणावर करत.

मोरावळ्याला गूळ वापरता येतो, गुऱ्हाळं नुकतीच लागलेली असतात. किलोभर वाफवलेल्या फोडींना सव्वा किलो गूळ. मंद आचेवर पाक मधाइतका दाट होईपर्यंत आटवावा. घाईनं पातळ उतरवला तर पंधरवड्यात फेस येतो, आंबूस वास सुटतो. नुसता फेस दिसताच पुन्हा उकळून आटवला तर वाचतो, वास आल्यावर टाकूनच द्यावा.

तिन्ही साली एकत्र दळण्याआधी बियेचा तुकडा राहिला नाही ना ते बघावं, मिक्सरचं पातं तुटतं. थोडंथोडं, थांबून थांबून दळावं. भांडं तापलं आणि सालीत ओल असली की पूड पात्याला चिकटून बसते. तसं झालं तर एक दिवस पुन्हा ऊन द्यावं. मलमलीतून चाळून कोरड्या काचेच्या बरणीत भरावं. रात्री कोमट पाण्यातून अर्धा चमचा हे साधारण प्रमाण. गरोदर बाईनं किंवा रोजची औषधं चालू असणाऱ्यानं वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. मृगाच्या आधी बरणी उघडून बघावी. गोळे झाले असतील पण वास स्वच्छ असेल तर पुन्हा उन्हात ठेवून चाळावं, कुबट वास असेल तर बरणी रिकामी करावी.