‘कळवतो’ म्हणाले म्हणून थांबू नका : नोकरी शोधताना उमेद घालवणाऱ्या चुका

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील एका फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) गुणवत्ता विभागात मी काम करतो आणि गेली अकरा वर्षे मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसतो. ज्यांचा बायोडेटा कच्चा असतो त्यांची मला फारशी काळजी वाटत नाही, कारण तो एका संध्याकाळी सुधारता येतो. पण सहा-आठ महिने घरी बसून ज्यांचा आवाजच खाली गेला आहे, अशा मुलांना पाहिले की जीव हळहळतो आणि थोडा रागही येतो. या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात, आणि त्यांतील सर्वांत महागडी चूक मी स्वतः केलेली आहे.

२००९ च्या सुरुवातीला मंदीमुळे वाहन कंपन्यांच्या ऑर्डरी आटल्या, आमच्या तेव्हाच्या कारखान्यात तीन पाळ्यांची एक पाळी झाली आणि फेब्रुवारीत माझे कंत्राट वाढवले गेले नाही. मार्चमध्ये चाकणच्या एका कंपनीत मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत साहेबांनी पगाराची अपेक्षा विचारली, कधी रुजू होऊ शकाल असेही विचारले, आणि निघताना म्हणाले, “आठ दिवसांत कळवतो.” एवढ्या बोलण्यावर मी नोकरी लागली असे धरून चाललो, चाकणला खोली कितीला मिळते याची चौकशी केली आणि अर्ज करणे बंद केले. त्या दिवसांत आमच्या घरी फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत रेंज येत असे, म्हणून फोन तिथे ठेवून मी अंघोळीलाही दार किलकिले ठेवून जात असे. शेवटी आई म्हणाली, “फोन काय देव्हाऱ्यात बसवायचा हाय का आता?” मधल्या काळात घराजवळच्या गोकुळ शिरगावहून दोन ठिकाणचे बोलावणे आले, पगार दीड हजाराने कमी म्हणून मी दोन्हीकडे गेलो नाही. सेहेचाळिसाव्या दिवशी मीच चाकणला फोन केला, तेव्हा ती जागाच रद्द झाल्याचे कळले. गोकुळ शिरगावच्या दोन्ही जागा तोवर भरल्या होत्या. पण मला खरे महाग पडले ते त्यानंतरचे तीन आठवडे, कारण त्या काळात नवा अर्ज करण्याचीही इच्छा होईना.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगतो. मुलाखतीहून परत आल्यावर जेवायला बसण्याआधी पुढच्या दोन ठिकाणी अर्ज गेला पाहिजे. दोनशे पानी वहीत तारीख, कारखाना, कोण भेटले, काय म्हणाले आणि पुन्हा कधी विचारायचे, असे पाच रकाने आखावेत. ‘कळवतो’ म्हणणाऱ्याला आठव्या दिवशी एक फोन करावा, पंधराव्या दिवशी दुसरा करावा, आणि त्यानंतर त्या ओळीवर पट्टीने रेघ मारावी. पट्टीनेच मारावी असे मी का म्हणतो ते मला नीट सांगता येणार नाही, पण हाताने मारलेली रेघ मी स्वतः दोनदा खोडून पुन्हा आशा धरलेली आहे.

दुसरी चूक दिसायला साधी आहे : दिवसाची घडी मोडू देणे. उठायला नऊ वाजतात, मग चहा, मग मोबाइल, आणि “आज मूड नाही, उद्यापासून करू” असे म्हणता म्हणता आठवडा जातो. मूड आल्यावर काम करू म्हणणाऱ्या नवख्या मुलांना मी ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावाची हकिगत सांगतो. गावाचा आधार असलेली कापड गिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले, तेव्हा काही संशोधकांनी तिथे राहून बारकाईने नोंदी केल्या. त्या १९३३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. वेळ मुबलक झाल्यावर लोक जास्त वाचू लागतील असे कोणालाही वाटेल, पण गावच्या ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजला, तर पुरुष सावकाश, थांबत थांबत चालत होते आणि बायका भराभर जात होत्या, कारण घरकामाने त्यांच्या दिवसाला घड्याळ शिल्लक ठेवले होते. रंकाळा तलावाच्या कठड्यावर सकाळी अकराच्या उन्हात बसलेली पोरे दिसली की मला ते गाव आठवते.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. आठच्या आत अंघोळ करावी, इस्त्रीचा शर्ट घालावा, आणि नऊ ते बारा हे तीन तास फक्त अर्ज, फोन आणि प्रत्यक्ष भेटी यांसाठी ठेवावेत. घरी जमत नसेल तर वाचनालयात जाऊन बसावे. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आपल्याच गावात आहे. दुपारी हात चालू राहील असे काहीतरी करावे, म्हणजे ड्रॉइंग वाचणे, मायक्रोमीटरचा सराव, एक्सेल, जे आपल्या कामाचे असेल ते. दिवसभर नोकरीच शोधत बसू नये. चौथ्या तासाला माणूस वाट्टेल तिथे अर्ज टाकू लागतो. मुलींची अडचण वेगळी असते, कारण “घरीच आहेस ना” म्हणून सगळी कामे त्यांच्या अंगावर येतात. त्यांनी हे तीन तास घरात आधीच सांगून राखून ठेवावेत.

सकाळी उठून प्रेरणादायी व्हिडिओ पाहणे हा अर्ज न करण्याचा सभ्य मार्ग आहे, यापलीकडे त्यावर मला काही लिहायचे नाही.

एकच बायोडेटा शंभर ठिकाणी पाठवून “कुठूनच उत्तर नाही” असे म्हणू नये. रुजू होण्याआधी पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीला एक रुपयाही देऊ नये. जुन्या साहेबांची निंदा मुलाखतीत करू नये.

पैशाची भीती मन खाते, आणि त्या भीतीपोटी पोरे पहिल्याच महिन्यात पीएफ काढायला धावतात. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेली रक्कम सहसा करपात्र ठरते, आणि दहा वर्षे भरण्याआधी पेन्शनचा भागही उचलला तर तेवढी वर्षे पुढच्या पेन्शनमध्ये धरली जात नाहीत. पीएफला हात लावण्याआधी ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) शाखेत जाऊन अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करावी. ही योजना जुलै २०१८ मध्ये सुरू झाली, तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे (आज ती चालू आहे का तेही विचारावे), आणि किमान दोन वर्षे विमित नोकरी व इतर अटी पूर्ण असतील तर सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळू शकते. कारखान्यात वर्षानुवर्षे ईएसआय कापून घेणाऱ्या कितीतरी मुलांनी हे नावही ऐकलेले नसते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगण्यावरच मन उठले असेल, तर ते आळसाचे लक्षण समजू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

शेवटची चूक म्हणजे लोकांना टाळणे. लग्नाकार्यात “काय चाललंय मग सध्या?” हा प्रश्न येणारच, म्हणून मुले जायचेच बंद करतात. मीही दोन लग्ने चुकवली. तिसऱ्या लग्नाला आईने जवळजवळ ओढतच नेले, तेव्हा जाता जाता एक वाक्य पाठ केले होते : “चार वर्षे क्वालिटीत होतो, सध्या शिरोली-कागल पट्ट्यात काम बघतोय, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर नंबर द्या.” पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी पांढऱ्या रश्शाची वाटी बाजूला सारून मेहुण्याचा नंबर सांगितला, तो मी पत्रिकेच्या पाठीमागे लिहून घेतला, आणि मेच्या अखेरीस त्या मेहुण्यांच्याच कारखान्यात, चाकणच्या पगारापेक्षा दोन हजार कमी घेऊन, मी रुजू झालो.